पाण्याची वाट शोधणारा शल्यविशारद : डॉ. वॉल्टर डँडी

वाचकहो, दरवर्षी या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा आपला प्रघात आहे. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी सुचविलेले नाव ऐकून शिक्षक-खोलीतील दोन-तीन सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. नाव होते डॉ. वॉल्टर एडवर्ड डँडी. मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या जगातील कोणत्याही डॉक्टरास हे नाव अपरिचित नाही. परंतु आपल्या घराघरांतून ते पोहोचलेले नाही. दीड वर्षापूर्वी मलाही ते ठाऊक नव्हते. ते कसे ठाऊक झाले हे आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक गुंतलेली आहे.

आमच्या नववीच्या वर्गात एक हुशार पण अबोल मुलगा होता. दिवाळीच्या सुटीनंतर त्याचे डोके दुखू लागले. सकाळी उठताच डोके ठणके, उलटी होई आणि उलटी झाल्यावर थोडे हलके वाटे. पहिल्या तासाला तो बाकावर डोके टेकून बसे. चौथ्या तासापर्यंत बरा दिसे. घरच्यांनी पित्त समजून औषधे दिली, कोणी नजर उतरविली, कोणी चष्मा सुचविला. आणि मी? चाचणी परीक्षा जवळ आली की याचे डोके दुखते, असा निष्कर्ष काढून मी सर्व वर्गासमोर त्याला चार शब्द सुनावले आणि मुलगा अभ्यास टाळतो आहे अशी चिठ्ठी त्याच्या अब्बांकडे पाठविली. पुढे त्याला फळ्यावरचे एक अक्षर दोन दिसू लागले. चष्म्यासाठी नेले असता नेत्रतज्ज्ञांना डोळ्याच्या मागील भागात सूज आढळली आणि त्यांनी त्याच दिवशी मेंदूची तपासणी करून घेण्यास सांगितले. मेंदूच्या अगदी मध्यभागी, वाटाण्याहून थोडी मोठी अशी एक गाठ निघाली. ती कर्करोगाची नव्हती. तरीही डॉक्टरांनी एक दिवस थांबू दिले नाही.

साधी गाठ, मग एवढी घाई का? हा प्रश्न मला सोडीना. मी कला शाखेचा पदवीधर, वर्गात इतिहास आणि मराठी शिकविणारा. शाळेतील विज्ञानशिक्षकांना वेळोवेळी त्रास देऊन व पुस्तके चाळून मला जे समजले ते आपणांस सांगतो.

आपल्या मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांना आपण कोष्ठे म्हणू. उजवीकडे एक, डावीकडे एक, मधोमध फटीसारखे अरुंद असे तिसरे आणि त्याच्या मागे खालच्या बाजूस चौथे. या कोष्ठांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. तो साचलेला नसून वाहता असतो. दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर द्रव नव्याने तयार होतो. परंतु मेंदू आणि पाठीचा कणा मिळून एका वेळी जेमतेम दीडशे मिलिलिटरच असतो. म्हणजे जितका नवा येतो तितका जुना रक्तात शोषला गेलाच पाहिजे. दोन्ही बाजूंच्या कोष्ठांतील पाणी दोन लहानशा भोकांवाटे तिसऱ्या कोष्ठात उतरते. नेमक्या त्या भोकांच्या तोंडाशी, तिसऱ्या कोष्ठाच्या छताला, काही माणसांत चिकट रसाने भरलेली एक गाठ वाढते. डॉक्टर तिला कोलॉइड सिस्ट म्हणतात. बागायतीच्या पाटात मातीचे एखादे ढेकूळ पडावे तशी ही गोष्ट आहे. ढेकूळ स्वतः कोणाचे काही बिघडवीत नाही, पण पाट तुंबतो. वरच्या कोष्ठांत पाणी साठत जाते आणि मेंदू आतून कवटीवर दाबला जातो. कधी वाट जराशी मोकळी होते व डोके थांबते. पुन्हा बूच बसते. ते पक्के बसले, तर धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो.

डोक्यात पाणी होण्याचा हा विकार फार जुना आहे. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ राहणारे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-झहरावी यांनी आपल्या तीस भागांच्या ‘अल-तसरीफ’ या ग्रंथात अशा बालकांचे वर्णन केले आहे. पाणी कोठून व कसे काढावे हेही त्यांनी दिले आहे. परंतु आपण पाहिलेली अशी मुले वाचली नाहीत, म्हणून ही शस्त्रक्रिया आपण टाळतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. एवढ्या मोठ्या हकिमाने आपली मर्यादा ग्रंथात नमूद करावी, हे मला त्यांच्या दोनशे हत्यारांच्या चित्रांइतकेच मोलाचे वाटते. त्यानंतर नऊ शतके गेली, तरी हे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे कोणी निश्चितपणे दाखवू शकले नव्हते. जेथे उगम ठाऊक नाही आणि वाट ठाऊक नाही, तेथे तुंबलेली जागा शोधायची कशी?

आता डँडींकडे वळू.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेडेलिया नावाचे रेल्वेचे गाव आहे. तेथे ६ एप्रिल १८८६ रोजी वॉल्टरचा जन्म झाला. वडील जॉन डँडी इंग्लंडमधील लँकेशायरचे, आई रेचेल आयर्लंडमधील आर्मागची. दोघेही पोटासाठी समुद्र ओलांडून आलेली. वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. वॉल्टर हे त्यांचे एकुलते एक अपत्य. ज्या घरात शिक्षणाची परंपरा नव्हती त्या घरातील हा मुलगा १९०३ साली शाळेतून पहिला येऊन बाहेर पडला, मिसुरी विद्यापीठाची पदवी त्याने १९०७ साली घेतली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात एकदम दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविला. १९१० साली, चोविसाव्या वर्षी, तो डॉक्टर झाला.

त्या काळी हॉपकिन्समध्ये डॉ. हार्वे कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालीत होते. डँडींनी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत आणि नंतर वॉर्डात काम केले. पण गुरू-शिष्यांचे जमले नाही. दोघेही कमालीचे मेहनती आणि दोघेही कमालीचे हट्टी! १९१२ साली कुशिंग बोस्टनला निघाले. आपणही बरोबर जाणार असे डँडी धरून चालले होते. त्यांना नेले गेले नाही. बाल्टिमोरमध्येही त्यांच्यासाठी जागा उरली नव्हती. हातात पदवी आहे, पगार नाही, गुरूने वाऱ्यावर सोडलेले, अशा स्थितीत रुग्णालयाच्या अधीक्षकांनी त्यांना निदान तेथे राहू दिले. पुढे मुख्य शल्यविशारद डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी त्यांना आपल्या विभागात सामावून घेतले. विद्यार्थी मित्रहो, डँडींच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाची सुरुवात या अधांतरी दिवसांनंतर लगेचच झाली, हे ध्यानात घ्या.

बालरोगतज्ज्ञ डॉ. केनेथ ब्लॅकफॅन यांच्यासह त्यांनी डोक्यातील पाण्याचा प्रश्न हाती घेतला. कुत्र्याच्या मेंदूत तिसऱ्या व चौथ्या कोष्ठांना जोडणारी एक अगदी बारीक नळी असते, तशीच आपल्याही असते. डँडींनी ती कापसाच्या बोळ्याने बंद केली. मोरीच्या तोंडाशी बोळा कोंबला म्हणजे जे होते तेच झाले. बोळ्याच्या वरची कोष्ठे फुगली. म्हणजे पाणी कोष्ठांच्या आतच तयार होते व बाहेर जाण्यास त्याला हीच वाट आहे, हे सिद्ध झाले. मग त्यांनी आजारी बालकांच्या कोष्ठांत निरुपद्रवी रंग सोडून तो कण्यातील द्रवात केव्हा उतरतो हे पाहिले. निरोगी माणसात तो काही मिनिटांत उतरतो. काही बालकांत तो उतरतच नसे. म्हणजे यांची वाट आतच बंद! इतर काहींत रंग कण्यात उतरे, पण रक्तात शोषला जात नसे. अशा रीतीने एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे दोन निराळे प्रकार त्यांनी वेगळे केले. हे निबंध १९१३ व १९१४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा डँडी तिशीतही आले नव्हते. काही वर्षांनी आणखी एका प्रयोगाने त्यांनी दाखविले की, हा द्रव कोष्ठांतील रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांतून पाझरतो. मुक्या जनावरांचे हाल वाचताना मला बरे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्या मुलाला मी बोल लावला तो आज चालताबोलता आहे, त्याच्या मुळाशी हे प्रयोग आहेत, हेही तितकेच खरे.

वाट कळली, पण जिवंत माणसाच्या बंद कवटीत अडथळा नेमका कोठे आहे हे कसे पाहावे? क्ष-किरणांचा शोध लागून वीस वर्षे झाली होती. त्यांत कवटीचे हाड दिसे. मेंदू आणि पाणी मात्र एकसारखेच, म्हणजे दिसतच नसत. कोष्ठांत एखादे औषध भरले तर ती दिसतील, म्हणून डँडींनी निरनिराळी द्रव्ये कुत्र्यांवर वापरून पाहिली. मेंदूला ती सोसली नाहीत; जनावरे मेली. दरम्यान, पोटाच्या क्ष-किरण चित्रात आतड्यांतील वायू हाडावरूनही किती स्पष्ट दिसतो, याकडे हॉल्स्टेड पुन्हा पुन्हा लक्ष वेधीत असत. ती गोष्ट डँडींच्या मनात बसली होती. औषध कशाला? हवाच का नको? मग सुईने कोष्ठातील थोडे पाणी काढावयाचे, तेवढीच हवा भरावयाची आणि चित्र घ्यावयाचे, अशी युक्ती त्यांनी योजिली. तान्ह्या मुलांची टाळू भरलेली नसते, त्यामुळे तेथून सुई सहज जाई. मोठ्यांच्या कवटीला लहानसे भोक पाडावे लागे. १९१८ साली हे प्रसिद्ध झाले. माणसाच्या मेंदूची आतील घडण कवटी न उघडता प्रथमच डोळ्यांना दिसली. कोष्ठ कोठपर्यंत फुगले आहे, कोठे एकदम थांबले आहे, हे चित्रावर दाखविता येऊ लागले. जेथे हवा थांबली तेथे अडथळा!

हा उपाय सुखाचा नव्हता. रोग्याला असह्य डोकेदुखी होई, उलट्या होत आणि काही जण त्यात दगावतही. कुशिंग यांनी या पद्धतीविषयी सावधगिरीचा सूर लावला, तो निव्वळ मत्सरापोटी होता असे मला वाटत नाही. पण दुसरा मार्गच नव्हता.

आता त्या साध्या गाठीकडे येऊ. तिचे वर्णन १८५८ सालीच एका वैद्याने करून ठेवले होते. अर्थात मेलेल्या माणसाच्या मेंदूत. पुढची साठ वर्षे ही गाठ केवळ शवविच्छेदनाच्या टेबलावर भेटत राहिली. माणूस अकस्मात मरावा आणि मरणानंतर कळावे की, आत केवळ द्राक्षाएवढी एक निरुपद्रवी गाठ होती, जी काढली असती तर हा जगला असता! परंतु काढणार कशी? ती मेंदूच्या गाभ्यात. तिथपर्यंत पोहोचणे म्हणजे मृत्यूच, असा समज होता.

१९२१ साली डँडींनी जिवंत माणसाच्या मेंदूतून ही गाठ काढली. असे यश जगात प्रथमच मिळाले. त्या वेळची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. पेनिसिलिन नव्हते, ते माणसांवर वापरले जाण्यास आणखी वीस वर्षे होती. रक्तस्राव थांबविणारे विजेचे उपकरण मेंदूच्या शस्त्रक्रियेत आले १९२६ साली. शस्त्रक्रियेची सूक्ष्मदर्शी दुर्बीण नव्हती. कवटीचा तुकडा उचलावयाचा, मेंदूला इजा न होऊ देता खोल कोष्ठात उतरावयाचे आणि भोवतालच्या नाजूक शिरांना धक्का न लावता गाठ सोडवून घ्यावयाची. शेजारून जाणारी एखादी मोठी नीला फाटली तर सर्वच संपले. गाठीला लागूनच स्मरणशक्तीशी संबंध असलेला तंतूंचा एक नाजूक जुडगा जातो, त्यालाही जपावयाचे. १९३३ साली त्यांनी तिसऱ्या कोष्ठातील साध्या गाठींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि योग्य वेळी ओळखल्यास हे रोगी पूर्ण बरे होऊ शकतात हे जगापुढे मांडले.

डँडींचा हात जलद चाले, जीभही. शस्त्रक्रियेच्या वेळी ते संतापत, हत्यारे भिरकावीत. त्यांच्या हाताखाली टिकणे सोपे नव्हते. कानाच्या मज्जातंतूवरील गाठ पूर्णपणे काढण्याची पद्धत त्यांनी १९२२ साली जाहीर केली, तेव्हा त्यात आपल्या पूर्वीच्या कामाचा यथायोग्य उल्लेख नाही म्हणून कुशिंग चिडले आणि उरलासुरला स्नेहही संपला. मोठ्या माणसांचे सर्वच गुण घेण्याजोगे नसतात. मात्र रोग्याच्या बाबतीत त्यांची काळजी आईसारखी असे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तासच घातक असतात हे ओळखून १९२३ साली त्यांनी तीन खाटांची एक वेगळी खोली केली व तेथे अहोरात्र खास परिचारिका नेमल्या. आज प्रत्येक मोठ्या इस्पितळात जो अतिदक्षता विभाग असतो, त्याचा आरंभ पुष्कळ जण या तीन खाटांपासून धरतात.

१९२४ साली सेडी मार्टिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली. रुग्णालयात सर्वांना धाकात ठेवणारा हा गृहस्थ घरी मुलांत रमणारा बाप होता. त्यांच्या एका कन्येने पुढे त्यांच्या घरगुती आयुष्यावर पुस्तकच लिहिले आहे. बेसबॉलचे त्यांना वेड. चेंडू लागून खेळाडूंची डोकी फुटत, म्हणून टोपीत बसविण्याची संरक्षक पट्टी तयार करण्यात त्यांनी भाग घेतला व १९४१ साली ब्रुकलिनच्या संघाने ती वापरली. (आपल्या क्रिकेटमध्ये १९६२ साली बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी चेंडूने फुटली, तरी शिरस्त्राण रूढ होण्यास आणखी पंधराएक वर्षे लागली!)

१९३७ च्या मार्चमध्ये मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीच्या मानेला चांदीची चिमटी लावून ती बंद करण्याची पहिली शस्त्रक्रियाही डँडींनीच केली. त्याच वर्षीच्या जुलैमधील एक घटना मात्र पालकांसाठी अधिक विस्ताराने सांगतो. जॉर्ज गर्श्विन हे अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय संगीतकार. काही महिने त्यांचे डोके दुखत होते, जळक्या रबराचा वास आल्याचा भास होई, वाजविताना हात चुके. तपासण्या झाल्या, परंतु हा मनाचा खेळ आहे, कामाचा ताण आहे, असाच समज बळावला. मग एके दिवशी ते बेशुद्ध पडले. डँडींना बोलवा, अशी धावपळ सुरू झाली. डँडी त्या वेळी चेसापीक उपसागरात मेरीलँडच्या गव्हर्नरांबरोबर नौकाविहाराला गेले होते. सरकारी जहाजे पाठवून त्यांना शोधून काढण्यात आले व विमानाने कॅलिफोर्नियाला नेण्यासाठी नेवार्कपर्यंत आणले. तेथून त्यांनी दूरध्वनीवर तिकडील डॉक्टरांशी विचारविनिमय केला. पण रोग्याची अवस्था इतकी बिघडली होती की वाट पाहणे शक्य नव्हते. तिकडील शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली. ११ जुलै १९३७ रोजी गर्श्विन वारले. वय अवघे अडतीस. त्यांची गाठ साधी नव्हती, घातक जातीची होती. वेळीच ओळखली असती तरी ते फार काळ वाचले असते असे म्हणता येत नाही. पण महिनोन्‌महिने दुखणाऱ्या डोक्याला ढोंग समजले गेले, हे वाचताना मला माझी ती चिठ्ठी आठवली.

म्हणून पालकहो, सकाळी उठताच होणारी डोकेदुखी, तिच्यासोबत उलटी, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढणे किंवा टाळू फुगणे यांपैकी काही दिसले तर नजर उतरविण्यात आठवडे घालवू नका. बहुतेक डोकेदुख्या साध्याच असतात, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्या साध्या आहेत हे डॉक्टरांनी ठरवू द्या, आपण नव्हे. शिक्षकांनी तर नव्हेच.

डँडी शेवटपर्यंत काम करीत राहिले. एप्रिल १९४६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १९ एप्रिल रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले. साठावा वाढदिवस होऊन तेराच दिवस झाले होते. हवा भरून चित्र घेण्याची त्यांची पद्धत त्यानंतरही पाव शतक चालू राहिली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या डोक्याचे सीटी स्कॅन झाले आणि हळूहळू सुईची व हवेची गरज संपली. योगायोग असा की, त्या पहिल्या चित्रातही मेंदूतील एक गोल गाठच दिसली होती. नळीसारखी दुर्बीण घालून कोष्ठात डोकावण्याचा प्रयत्न डँडींनी १९२२ साली केला होता. त्या वेळची दुर्बीण अंधूक असल्याने तो फारसा साधला नाही. आता बोटाएवढ्या छिद्रातून तशीच दुर्बीण घालून ही गाठ पुष्कळदा काढतात.

आमच्या विद्यार्थ्याची गाठ मुंबईच्या एका रुग्णालयात अशाच रीतीने काढण्यात आली. त्याची अम्मी दोन दिवस बाहेरच्या बाकावरून हलली नव्हती. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचे अब्बा मला खिडकीपाशी घेऊन गेले आणि त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. दोन्ही बाजूंची फुगलेली कोष्ठे आणि मधोमध तो इवलासा गोल ठिपका मी पाहिला. चिठ्ठीविषयी ते काहीच बोलले नाहीत. मीच विषय काढला, तर म्हणाले की, आम्हालाही तसेच वाटत होते, सर.

दोन महिन्यांनी मुलगा शाळेत आला. डोके दुखणे थांबले होते, फळा नीट दिसत होता. फक्त नवे पाठांतर त्याच्या ध्यानात राहत नसे. ते हळूहळू सुधारेल असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि पुष्कळसे सुधारलेही. त्या सत्रात इतिहासाच्या तासाला मी त्याला सनावळ्या विचारल्या नाहीत.